पहिल्या चित्रपटापूर्वीची वर्षे

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ पनवेलला राहतात. नोकरी मुंबईत. सकाळची लोकल धरून जायचे आणि दिवेलागणीनंतर परतायचे, हा त्यांचा क्रम वीस-बावीस वर्षे चालू आहे. एकदा व्याख्यान आटोपून मंडळी पांगत असता त्यांनी आम्हांला बाजूला घेतले आणि म्हणाले, "तुम्ही चित्रपटांवर लिहिता-बोलता, म्हणून विचारतो. आमचा मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन घरी बसला आहे. सिनेमा काढायचा म्हणतो. दिवसभर खोलीचे दार लावून असतो. काय करतोस म्हणून विचारले, तर 'बाबा, प्रोजेक्ट डेव्हलप करतोय' म्हणतो. अहो, पनवेलात प्रोजेक्ट डेव्हलप होतात ते मला रोज गाडीतून दिसतात. आधी खड्डा खणतात, मग पाया भरतात, मग सळ्या उभ्या राहतात. ह्याचे दीड वर्षात एक वीटसुद्धा दिसत नाही. ह्या कामात असते तरी काय?"

प्रश्न रास्त होता. आणि नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर उभ्या उभ्या देण्याजोगे त्याचे उत्तर नव्हते. चित्रपट पडद्यावर येतो तेव्हा त्याची जाहिरात होते, परीक्षणे येतात, बक्षिसे मिळाली तर सत्कारही होतात. परंतु तो पडद्यावर येण्यापूर्वीच्या चार-सहा वर्षांविषयी कोणी बोलत नाही. त्या वर्षांत तरुण दिग्दर्शक नेमके काय करतो, आणि मुख्य म्हणजे काय खातो, हे त्याच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नसते. ह्या लेखात आम्ही त्या वर्षांचाच विचार करणार आहो. त्यासाठी उदाहरण घेणार आहो ते चैतन्य ताम्हाणे ह्यांचे. ते मराठी आहेत, मुंबईचे आहेत, आणि त्यांच्या पहिल्या चित्रपटात जी माणसे दिसतात ती तुमच्या-आमच्या लोकलच्या डब्यात रोज भेटतात.

ताम्हाणे ह्यांचा जन्म १९८७ सालचा. मिठीबाई महाविद्यालयातून इंग्रजी साहित्य घेऊन ते पदवीधर झाले. चित्रपटाच्या शाळेत ते गेले नाहीत. १९ वर्षांचे असताना, २००६ साली, त्यांनी 'फोर स्टेप प्लॅन' नावाचा एक अनुबोधपट केला. विषय होता आपल्याकडील चित्रपटांत चालणारी उचलेगिरी. ज्या धंद्यात शिरायचे त्याच धंद्यातील चोऱ्यांवर पहिले बोट ठेवायचे, हे धाडस त्या वयातच सुचते. त्यानंतर २००९ साली त्यांनी 'ग्रे एलिफंट्स इन डेन्मार्क' हे इंग्रजी नाटक लिहून बसविले. त्यात विवेक गोम्बर नावाचे एक नट काम करीत होते. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे. २०१० साली 'सिक्स स्ट्रँड्स' हा लघुपट आला. दार्जिलिंगकडच्या चहाच्या मळ्याची आणि तेथील मालकिणीची ती गोष्ट. तो रॉटरडॅमसारख्या परदेशी महोत्सवांतून दाखविला गेला.

कागदावर ही प्रगती मोठी सुरेख दिसते: एक अनुबोधपट, एक नाटक, एक लघुपट. पण ह्यातील कशाचेही पुढच्या महिन्याच्या किराण्यात रूपांतर होत नाही. लघुपट तिकीट लावून चालत नाहीत. परदेशी महोत्सवात चित्र लागले म्हणजे कौतुकाची पत्रे येतात, गळ्यात अडकवायचा बिल्ला मिळतो, आणि माणूस घरी परततो तो जसा गेला तसाच. आमच्या गृहस्थांचा मुलगा आज ज्या जागी उभा आहे ती हीच जागा.

ह्या जागेवर पूर्वीही पुष्कळ थोर माणसे उभी राहून गेली आहेत. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली विलायतेस जाऊन यंत्रसामग्री आणली ती विम्याच्या पॉलिशीवर कर्ज काढून. परत आल्यावर पूर्ण लांबीच्या चित्रास पैसे हवेत, आणि भांडवलवाल्यास तर चित्रपट म्हणजे काय हेच ठाऊक नाही, अशी अडचण आली. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तो उगवून वाढेपर्यंत रोज थोडे थोडे चित्रण केले, आणि महिन्याभराची वाढ मिनिटभरात पडद्यावर दाखविली. 'अंकुराची वाढ' पाहून यशवंतराव नाडकर्णी ह्यांनी पैसे दिले, सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. आजची तरुण मंडळी ज्याला 'प्रोजेक्ट डेव्हलप करणे' म्हणतात ते दुसरे काय असते? जे अजून अस्तित्वात नाही ते दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे करायचे, त्याने खिशात हात घालावा इतपत उभे करायचे. बंगालमध्ये सत्यजित राय ह्यांनी १९५२ साली 'पथेर पांचाली'चे चित्रण सुरू केले. त्यांनीही विम्याची पॉलिसी आणि बायकोचे दागिने ह्यांचाच आधार घेतला. पैसे संपले की काम थांबे. अखेर पश्चिम बंगाल सरकारने पैसा पुरविला आणि १९५५ साली चित्रपट पुरा झाला. ती रक्कम सरकारदप्तरी रस्तेसुधारणेच्या खात्यावर पडली, कारण चित्राच्या नावात 'पथ' होता! विमा कंपन्यांनी भारतीय चित्रपटाच्या इतिहासात आपला वाटा मागितला तर तो नाकारता येणार नाही.

ताम्हाणे ह्यांच्या बाबतीत विम्याच्या पॉलिशीची जागा एका मित्राने घेतली. एका खालच्या न्यायालयातील कामकाजावर चित्रपट लिहावा, असे त्यांच्या मनात होते. नाटकातील नट विवेक गोम्बर ह्यांनी त्यांना सांगितले, की तू लिही. लिहिण्याच्या काळात दरमहा ठराविक रक्कम मी देतो. पुढे तेच चित्रपटाचे निर्माते झाले, आणि चित्रपटात बचावपक्षाच्या वकिलाची भूमिकाही त्यांनीच केली. आमच्या मते ह्या साऱ्या हकीकतीत सर्वांत महत्त्वाची घटना हीच. व्हेनिसचे बक्षीस नव्हे, राष्ट्रपतींच्या हस्ते मिळालेले सुवर्णकमळ नव्हे; एका माणसाने दुसऱ्या माणसास, काही तयार नसताना, केवळ बसून लिहिण्यासाठी महिन्याचे पैसे दिले, ही.

कारण असे, की आपल्याकडे ह्या टप्प्यासाठी पैसा मिळण्याची सोय फार थोडी. राज्य सरकारचे मराठी चित्रपटांना अनुदान आहे आणि त्याचा अनेकांना आधार झाला आहे. परंतु ते तयार चित्रपट पाहून, त्याची प्रत ठरवून मिळते. बँक घर बांधावयास कर्ज देते, कारण घर न झाले तरी जमीन उरते. पटकथा न झाली तर काय उरते? रद्दी. युरोपात मात्र काही निधी आहेत. हॉलंडातील रॉटरडॅम महोत्सवाचे संस्थापक ह्यूबर्ट बाल्स १९८८ साली वारले. त्यांच्या नावाचा निधी आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका इकडील दिग्दर्शकांना कच्च्या संहितेवरही साहाय्य देतो. 'कोर्ट'ला हे साहाय्य लाभले. अशा निधीची रक्कम चित्रपटाच्या खर्चाच्या मानाने लहान असते, पण तिचा उपयोग दुहेरी होतो. परक्या देशातील, ओळख ना देख असलेल्या चार जाणत्यांनी ही संहिता निवडली, हे पुढच्या दारावर सांगता येते. लग्न जमविताना मुलाची नोकरी सांगतात, तसेच हे.

आता त्या लिहिण्याच्या काळात होते काय, ते पाहू. न्यायालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिंदी चित्रपटातील कोर्ट येते: गरजणारे वकील, हातोडा आपटणारे न्यायाधीश, आणि ऐन वेळी दार ढकलून आत येणारा साक्षीदार. ज्यांनी आपल्या तालुक्याच्या कोर्टाची पायरी चढली आहे त्यांना ठाऊक आहे, की तेथे असे काही घडत नाही. तेथे पंखा फिरतो, कारकून कागद शोधतो, वकील पुढची तारीख मागतो, आणि पक्षकार बाकावर बसून आपले नाव कधी पुकारतात ते ऐकत असतो. ताम्हाणे खऱ्या न्यायालयांत जाऊन बसले तेव्हा त्यांना हेच दिसले. आणि हे कंटाळवाणे कामकाजच अधिक भयंकर आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. कारण ह्या जांभयांमध्येच कोणाची तरी सुटका किंवा कोठडी ठरत असते. विकास विकास म्हणतात तो हा. दीड वर्ष एक वीट दिसत नाही, कारण पाहण्याची नजर बदलण्याचे काम चालू असते, आणि ते काम खोलीच्या दारावरून कळत नाही. (मुलगा खरोखरच झोपलेला असणेही शक्य आहे, हे आम्ही त्या गृहस्थांपाशी कबूल केले.)

'कोर्ट'ची कथा थोडक्यात अशी. नारायण कांबळे नावाचा एक वयस्क शाहीर मुंबईच्या वस्त्यांतून गातो. वासुदेव पवार नावाचा गटारात उतरून काम करणारा कामगार मॅनहोलमध्ये मेलेला सापडतो. तुझ्या गाण्याने त्याला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप ठेवून पोलीस शाहिराला मंचावरून उचलतात. खटला उभा राहतो आणि तारखांमागून तारखा पडत जातात. एकदा एका अशिलाने बिनबाह्यांचा पोशाख केला म्हणून तिचे प्रकरण पुढे ढकलले जाते. कामगाराची विधवा साक्षीला येते आणि साध्या आवाजात सांगते, की नवऱ्याला कामावर संरक्षणाचे काही साधन मिळत नसे. गटारात उतरण्यापूर्वी तो आत दगड टाकून पाही, झुरळे बाहेर आली तर आत श्वास घेण्याजोगी हवा आहे असे समजे. ती रडत नाही. तिच्या साक्षीला संगीत नाही. आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक प्रौढ बाई होत्या, त्यांनी इतका वेळ हातात धरलेली खाऊची पुडी इथे पर्समध्ये ठेवून दिली.

चित्रणाची रीत समजून घेण्याजोगी आहे. कॅमेरा बहुतेक एका जागी उभा असतो आणि पुष्कळ वेळ हलत नाही. सारी खोली चौकटीत मावते. बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ तो धावत जात नाही; त्यामुळे कोणाकडे पाहावे हे आपले आपण ठरवायचे. वकील बोलत असता मागच्या बाकावरचा माणूस डुलक्या घेताना दिसतो. प्रथम प्रथम प्रेक्षक अस्वस्थ होतो. पंधरा-वीस मिनिटांनी तो त्या कोर्टातील एक माणूस बनतो. ही रीत दिसायला सोपी आणि करायला अवघड. चौकटीत दहा माणसे असली की दहाही जणांना एकाच वेळी खरे वाटावे लागते. एकाची मान खोटी वळली की सारा प्रसंग गेला. म्हणून एकेका प्रसंगाचे पुन्हा पुन्हा चित्रण करावे लागले, आणि त्याआधी माणसे निवडण्यात कित्येक महिने गेले. पुष्कळसे चेहरे असे, की ज्यांनी पूर्वी कॅमेऱ्यापुढे काम केले नव्हते. शाहिराच्या भूमिकेत नागपूरचे वीरा साथीदार होते. ते नट नव्हते. चळवळीतील कार्यकर्ते आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक होते. त्यांची गाणी संभाजी भगत ह्यांची. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या साथीत वीरा साथीदार गेले. सरकारी वकीलबाईंचे काम रंगभूमीवर मुरलेल्या गीतांजली कुलकर्णी ह्यांनी केले आहे. खऱ्या न्यायालयात चित्रण करता येत नसल्याने न्यायालयाची खोली उभारावी लागली. पण तीत बसलेली धूळसुद्धा सरकारी वाटते!

पनवेलकरांनी ह्या वकीलबाईंकडे विशेष पाहावे. कोर्ट सुटल्यावर दिग्दर्शक त्यांच्या मागोमाग जातो. बाई लोकलमध्ये बसतात. शेजारणीशी साडीविषयी आणि मधुमेही नवऱ्याला कोणते तेल चांगले ह्याविषयी बोलतात, पाळणाघरातून मुलाला घेतात, घरी येऊन स्वयंपाक करतात. रविवारी कुटुंबासह मराठी नाटक पाहतात. नाटकात परप्रांतीयांची यथेच्छ टिंगल आहे आणि थिएटर हसते आहे. बाई दुष्ट नाहीत. आपल्या घरातील आहेत. आणि ह्याच बाई दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या शाहिराला वीस वर्षे तुरुंगात ठेवावे असे निर्विकारपणे मागू शकतात. बचावाचे वकील गुजराती, सुखवस्तू घरातले. ते मोठ्या दुकानात जाऊन चीज आणि वाइन घेतात. त्यांच्या मनात शाहिराविषयी कळवळा आहे, पण शाहिराची वस्ती त्यांना परकीच. खलनायक कोणी नाही, म्हणून सुटकाही नाही. शेवटी न्यायालयाला सुटी लागते, न्यायाधीश आप्तांसह रिसॉर्टवर जातात, बाकावर डुलकी घेतात. पोरे ओरडून त्यांना दचकवितात आणि ते एकाला थप्पड मारतात. हा शेवट अनावश्यक आहे असे म्हणणारे आम्हांला भेटले आहेत. आम्हांला तर तो सर्वांत नेमका वाटतो. खटल्यात ज्याचे ऐकले गेले नाही त्या शाहिराइतकीच त्या पोराचीही बाजू तेथे कोणी विचारत नाही.

पुढची हकीकत वर्तमानपत्रांत येऊन गेली आहे, म्हणून लवकर सांगतो. सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात 'कोर्ट'ला ओरिझोंती विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि पहिल्या चित्रपटासाठी असलेले लुईजी द लॉरेंटिस पारितोषिक, अशी दोन बक्षिसे मिळाली. दुसऱ्याबरोबर १ लाख डॉलर येतात. ते दिग्दर्शक आणि निर्माता ह्यांत निम्मे निम्मे वाटले जातात. त्या वेळी ताम्हाणे २७ वर्षांचे होते. मुंबईच्या महोत्सवातही त्याने बाजी मारली. २०१५ च्या मार्चमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक जाहीर झाले. १९५३ च्या 'श्यामची आई'ने मराठीला हा मान पहिल्याने मिळवून दिला. पुढे पन्नास वर्षांनी 'श्वास' आला, त्याचे दिग्दर्शक संदीप सावंत ह्यांचाही तो पहिलाच चित्रपट. मग 'देऊळ', आणि त्यानंतर 'कोर्ट'. १७ एप्रिल २०१५ रोजी तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. ऑस्करसाठी भारताकडून तोच गेला. नामांकन मिळाले नाही. आम्ही पाहिला तेव्हा थिएटरात निम्म्याहून अधिक खुर्च्या मोकळ्या होत्या.

एवढे यश मिळाल्यावर दुसरा चित्रपट लगेच यावा असे कोणीही म्हणेल. तो सहा वर्षांनी आला. मधल्या काळात, २०१६-१७ साली, रोलेक्स कंपनीच्या गुरुशिष्य योजनेतून ताम्हाणे मेक्सिकोचे दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन ह्यांच्याकडे गेले. क्वारोन तेव्हा 'रोमा' करीत होते; एक मोठा दिग्दर्शक आपल्या बालपणीचे घर कसे उभे करतो, हे त्यांनी जवळून पाहिले. नव्या चित्रपटाच्या पाठीशी पुढे क्वारोनही उभे राहिले. निर्माते मात्र पुन्हा गोम्बरच. २०२० साली 'द डिसायपल' व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत आला. तेथे २००१ च्या 'मॉन्सून वेडिंग'नंतर एकही भारतीय चित्रपट पोचला नव्हता. त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचे आणि चित्रसमीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अशी बक्षिसे मिळाली.

आणि हा चित्रपट कशावर? शरद नेरूळकर नावाचा तरुण शास्त्रीय संगीत शिकतो. आदित्य मोडक ह्यांनी हे काम केले आहे, आणि त्याच्या गुरूचे काम करणारे अरुण द्रविड हेही खरोखरीचे गवई. शरद प्रामाणिक आहे. पहाटे उठतो, गुरूचे पाय चेपतो, औषधपाणी पाहतो, रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवीत एका दिवंगत विदुषीची ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकतो. त्या विदुषीचा आवाज सुमित्रा भावे ह्यांचा आहे. साधना आणि त्याग ह्यांविषयीचे ते बोल ऐकताना आपणही सावरून बसतो. वर्षे जातात. शरदचे केस विरळ होतात, पोट सुटते. गाणे जेथे पोचावयास हवे तेथे पोचत नाही. त्याने चूक कोणती केली? चित्रपट एकही दाखवीत नाही.

हे आम्ही त्या गृहस्थांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे पहिल्या सिनेमाला जगात बक्षीस मिळाले, आणि त्यांनी दुसरा काढला तो ज्याला काहीच मिळाले नाही अशा माणसावर?" आम्ही होय म्हटले. तेव्हा त्यांनी विचारले ते असे, की मग मी काय समजायचे. आमचा मुलगा ताम्हाणे की नेरूळकर?

हे आज कोणालाच सांगता येणार नाही, मुलालाही नाही. पाहून ठरविता येतील अशा गोष्टी दोनतीनच आहेत. तो काही पुरे करतो काय? ताम्हाणे ह्यांनी 'कोर्ट'पूर्वी एक अनुबोधपट, एक नाटक आणि एक लघुपट पुरा केला होता. बरा-वाईट कसाही, पण पुरा. तो घराबाहेर पडून काही पाहतो काय? पनवेलला बसून लिहिण्याजोगे विषय कमी नाहीत: गावाभोवतीची भातशेती जाऊन तेथे मनोरे उठताना ह्या पिढीने पाहिले आहेत. आणि त्याच्याजवळ एखादा गोम्बर आहे काय? असा मित्र बाजारात मिळत नाही. तो नाटकाच्या तालमीत, कोणाच्या तरी लघुपटात फुकट काम करताना भेटतो. दार लावून बसलेल्याला तो भेटण्याचा संभव नाही.

गृहस्थांनी खिशातून डायरी काढली. लोकलचा पास, घराचा हप्ता, धाकटीची फी असा हिशोब मांडला आणि खाली एक आकडा लिहून त्याभोवती गोल काढला. म्हणाले, "पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. दर महिन्याच्या एक तारखेला एवढे देईन, आणि वर्षभर नोकरीचा विषय काढणार नाही. मात्र एक तारखेला त्याने लिहिलेली पाने माझ्यापुढे ठेवायची."

"वाचणार?" आम्ही विचारले.

"मला त्यातले काय कळते? मी मोजीन."